सावलीतली कॉफी

कॉफी म्हटले की आपल्याला वाफाळलेला पेला आठवतो, फार तर दळलेल्या बियांचा वास. ती शेतात पिकते हे चित्र सहसा डोळ्यांसमोर येत नाही, कारण महाराष्ट्रात कॉफी जवळजवळ होतच नाही. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळात सुरू झालेली थोडी लागवड आहे, तेवढीच. भारतातली बहुतेक कॉफी पिकते ती सह्याद्रीच्या दक्षिण भागात : कर्नाटकातील कोडगू, चिकमगळूर व हासन, केरळातील वायनाड आणि तमिळनाडूतील निलगिरी व आसपासचे डोंगर. देशाच्या उत्पादनापैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या कर्नाटकाचा आहे.

कोडगूत पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला कॉफीचा मळा चटकन ओळखता येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगलच दिसते. फणस, शिरीष, शिसव, उंबर, बेहडा अशी उंच झाडे, त्यांच्या खोडांवर चढलेले काळ्या मिरीचे वेल, आणि या सगळ्याखाली पुरुषभर उंचीची गर्द हिरवी झुडपे. ही झुडपे म्हणजे कॉफी. कोकणातली नारळ-सुपारीची वाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही मजल्यामजल्यांची रचना परकी वाटणार नाही.

पण प्रश्न पडतो. ज्वारीच्या किंवा उसाच्या शेतावर बांधावरच्या झाडाची सावली पडली तर शेतकरी कुरकुरतो, फांद्या छाटतो. मग कॉफीवाला आपल्या पिकावर मुद्दाम सावली का धरतो? आणि ती इतकी उपयोगाची असेल, तर गेल्या काही दशकांत अनेक मळ्यांतली सावली विरळ का होत चालली आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र मळ्याबाहेर, बाजारात आणि कायद्यात डोकवावे लागते.

मूळचे जंगलातले झुडूप

जगात व्यापारासाठी प्रामुख्याने दोन जातींची कॉफी लावली जाते. अरेबिका ही इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील उंच डोंगरांतल्या जंगलातली. रोबस्टा ही पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या सखल, उष्ण जंगलातली. दोन्हींचे घर उंच झाडांच्या खाली. अरेबिका भारतात कशी आली याची एक कथा सांगतात. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या. त्या डोंगरांना आजही बाबाबुदनगिरी म्हणतात.

सावलीत वाढलेल्या या झुडपाच्या पानाला थोडा प्रकाश पुरतो. प्रकाश वाढवत नेला तर प्रकाशसंश्लेषणाचा वेग काही मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग थांबतो. ऊस किंवा मका यांच्या पानांत ही मर्यादा बरीच वरची असते, कॉफीच्या पानात ती खालीच येते. त्यापुढचे ऊन पानाच्या उपयोगाचे नसते, ते पान फक्त तापवते. पान तापले आणि हवा कोरडी झाली की पर्णरंध्रे मिटतात. ती मिटली की पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. म्हणजे भर दुपारी उघड्यावरचे झुडूप प्रकाशात न्हात असूनही उपाशी असते.

तरीही उघड्यावरची कॉफी सुरुवातीला जास्त फळते, हे खरे आहे. भरपूर प्रकाशात फुलांच्या कळ्या जास्त धरतात. कॉफीचे झुडूप धरलेली फळे सहजासहजी गाळत नाही, सगळी पोसायला जाते. त्यासाठी पाने आणि मुळे यांतला साठा वापरला जातो. फांद्यांचे शेंडे वाळतात, पाने गळतात आणि पुढच्या वर्षी पीक कोसळते. आंब्याला एक वर्षाआड बहर येतो हे आपल्याला ठाऊक आहे, तसाच हा प्रकार, पण झुडपाचे आयुष्य कमी करणारा. सावली हा हावरेपणा आवरते. फळे थोडी कमी धरतात, सावकाश पिकतात, आणि झुडूप अनेक दशके फळत राहते.

सावली आणखी काय करते?

मळ्यात सहसा सावलीचे दोन थर असतात. खालचा थर पांगाऱ्यासारख्या चटकन वाढणाऱ्या झाडांचा, वरचा उंच व दीर्घायुषी झाडांचा. पांगारा शेंगवर्गातला. त्याच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र बांधतात. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच्या फांद्या छाटून झुडपांच्या बुंध्याशी टाकतात. पाला कुजला की ते नत्र कॉफीला मिळते. छाटणीमुळे पावसाळ्यात मळ्यात उजेड येतो, वारा खेळतो, आणि कोरडा ऋतू येईपर्यंत नवी पालवी फुटून सावली पुन्हा दाट होते. सावली म्हणजे नुसती झाडे ठेवणे नव्हे. ती ऋतूप्रमाणे कमीजास्त करावी लागते, आणि यातच मळेवाल्याचे कसब आहे.

उंच झाडांची मुळे खोल जातात. कॉफीची अन्न घेणारी मुळे बहुतांशी वरच्या थरात असतात. त्यांच्या हाती न लागता खाली झिरपून गेलेली पोषक द्रव्ये उंच झाडे वर ओढतात आणि पाल्याच्या रूपाने पुन्हा जमिनीवर टाकतात. जणू पाझरून गेलेले खत परत मिळते.

मातीच्या धुपेचे गणित थोडे फसवे आहे. झाड असले की माती वाचते असे आपण वर्गात सांगतो. पण पाऊस पानांवर जमून मोठमोठ्या थेंबांनी खाली टपकतो, आणि हे थेंब आठ-दहा मीटरवरून पडले तर जमिनीवर आदळताना त्यांना जवळजवळ पूर्ण वेग आलेला असतो. फक्त उंच झाडे असतील आणि खालची जमीन उघडी असेल, तर माती उलट जास्त उडू शकते. माती वाचवतो तो खालचा थर : कॉफीची झुडपे आणि मुख्य म्हणजे जमिनीवरचा पालापाचोळा. थेंबाचा मार तो स्वतःवर घेतो, वाहत्या पाण्याचा वेग मोडतो आणि पाण्याला मुरायला वेळ देतो. म्हणून ‘स्वच्छ’ झाडलेला, तणनाशक मारून लख्ख केलेला मळा देखणा दिसला तरी निरोगी नसतो. याच्या जोडीला उताराला आडवी लागवड करतात, आणि झुडपांच्या ओळींमध्ये समपातळीवर छोटे चर खणतात. पावसाचे पाणी आणि वाहून आलेला पाला त्यांत साठतो. आपल्याकडील पाणलोट कामातल्या समतल चरांचेच हे भावंड.

या मुरलेल्या पाण्याचा हिशेब मळ्यापुरता राहत नाही. कावेरी कोडगूत उगम पावते. हेमावती, तुंगा आणि भद्रा या नद्या चिकमगळूरच्या डोंगरांतून निघतात. कॉफीच्या मळ्यांतल्या मातीत किती पाणी मुरते, यावर दूरच्या सपाटीवरची भातशेती आणि शहरांचे नळ काही अंशी अवलंबून असतात.

खोडकिड्याचा धडा

हे ज्ञान कोणी पुस्तकातून आणले नाही, ते नुकसानीतून आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिण भारतात कॉफीच्या लागवडीची लाट आली. जंगल साफ तोडून उघड्या डोंगरांवर कॉफी लावली गेली. १८६० च्या दशकात या मळ्यांवर पांढऱ्या खोडकिड्याने धाड घातली आणि झुडपे उभीच्या उभी वाळू लागली. मद्रासच्या डॉ. जॉर्ज बिडी यांनी या किडीचा अभ्यास करून १८६९ साली अहवाल दिला. उघड्यावरच्या मळ्यांचे नुकसान जास्त होते आणि सावलीतले मळे बरेच तगून राहतात, हे त्या काळात लक्षात आले. पुढे सावली धरण्याची पद्धत दक्षिण भारतात रुजली.

यामागचे कारण किड्याच्या सवयींत आहे. भुंगेऱ्याची मादी खोडाच्या सालीतल्या भेगांत अंडी घालते, आणि त्यासाठी तिला उन्हात तापलेली खोडे आवडतात. अळी खोड पोखरत आत जाते, तेथे औषध पोहोचत नाही. भुंगेरे वर्षातून दोनदा बाहेर पडतात : एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. म्हणून त्याआधी खोडाची सैल साल खरवडतात, खोडावर चुन्याचे पाणी मारतात, कामगंध सापळे लावतात आणि पोखरलेली झुडपे उपटून जाळतात. पण पहिला उपाय सावलीचाच. हा किडा अरेबिकावर मोठा घाला घालतो. रोबस्टाला त्याचा त्रास फारसा होत नाही, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवू.

सावली म्हणजे रामबाण नव्हे

सावलीचे नुसते गोडवे गाणे शास्त्राला धरून होणार नाही. कॉफीचा सर्वांत कुप्रसिद्ध रोग तांबेरा. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटी दिसते, ती या बुरशीच्या बीजाणूंची. १८६९ मध्ये सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) या बुरशीची शास्त्रीय नोंद झाली, आणि पुढच्या काही वर्षांत तेथील कॉफीचा धंदा बसला. मळेवाले चहाकडे वळले. सिलोनचा चहा जगप्रसिद्ध झाला त्यामागे ही बुरशी आहे.

तांबेऱ्याचा बीजाणू रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो. दाट सावलीत पान उशिरा वाळते, म्हणजे बुरशीला मदतच. दुसरीकडे, उन्हात फळांच्या ओझ्याने थकलेले झुडूप तांबेऱ्याला लवकर बळी पडते. म्हणजे फार दाट सावली वाईट आणि उघडे ऊनही वाईट. भर पावसाळ्यात गच्च सावलीत काळी कूज नावाचा आणखी एक रोग येतो. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण आपल्या द्राक्ष बागायतदारांप्रमाणे कॉफीवालेही फवारतात. ते उपयोगी आहे, पण त्यातले तांबे वर्षानुवर्षे मातीत साठत जाते. म्हणून फवारण्या कमी कशा लागतील हे पाहणे भाग पडते.

त्यासाठीचा दुसरा मार्ग प्रतिकारक वाणांचा. १९२० च्या दशकात तिमोर बेटावर अरेबिका व रोबस्टा यांचा नैसर्गिक संकर सापडला. त्यातली प्रतिकारशक्ती वापरून जगभर नवे वाण तयार झाले. भारतात चिकमगळूर जिल्ह्यातील बाळेहोन्नूर येथे १९२५ पासून कॉफी संशोधन केंद्र आहे. तेथून १९८० च्या दशकात ‘कावेरी’ आणि २००७ साली ‘चंद्रगिरी’ हे अशा वंशातले वाण शेतकऱ्यांकडे गेले. पण बुरशीही बदलते. तिचे नवे प्रकार निघतात आणि काही वर्षांत वाणाचा प्रतिकार ढिला पडतो. म्हणून एका वाणावर, एका औषधावर किंवा एका युक्तीवर भिस्त ठेवणे धोक्याचे.

अमेरिका खंडात याचा दाखला मिळाला. १९७० साली तांबेरा ब्राझीलमध्ये दिसला. त्याच्या भीतीने आणि उत्पादन वाढवण्यासाठी पुढच्या वर्षांत अनेक देशांत सावलीची झाडे काढून, ठेंगणे वाण दाट लावून, भरपूर खते व औषधे देण्याची पद्धत पसरली. उत्पादन वाढले. पण २०१२ च्या सुमारास मध्य अमेरिकेत तांबेऱ्याची भीषण साथ आलीच, आणि लाखो मजुरांच्या हाताचे काम गेले. झाडे काढून रोग टळला नव्हता.

फळापासून बीपर्यंत

मळ्याचा निसर्गाशी संबंध तोडणीनंतरही संपत नाही. साधारण १०० किलो पिकलेल्या फळांपासून १८ ते २० किलो कॉफी बी मिळते. उरलेल्या साल, गर व टरफलांचे काय होते?

फळे तशीच उन्हात वाळवली तर पाणी लागत नाही. पण चांगल्या प्रतीसाठी, विशेषतः अरेबिकात, यंत्राने साल काढून बीवरचा चिकट थर आंबवून धुतात. या धुणाच्या पाण्यात साखर आणि पेक्टिन असते. ते विषारी नव्हे, उलट जीवाणूंचे पक्वान्न. ते ओढ्यात सोडले की जीवाणू झपाट्याने वाढतात, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून मरतात. विषाशिवायही पाणी मारता येते, हे मुलांना समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. शिवाय कॉफीची तोडणी व धुणी हिवाळ्यात असते. तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि ओढे बारीक होत असतात.

उपाय साधे आहेत. चिकट थर आंबवण्याऐवजी यंत्राने घासून काढला तर पाणी बरेच कमी लागते. तेच पाणी पुन्हा वापरता येते. उरलेले आंबट पाणी चुना घालून तळ्यांत निवळू देतात. साल व गराचे कंपोस्ट होऊन मळ्यातच परत जाते.

मग सावली विरळ का होते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आज भारतातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे. तिला खोडकिड्याचे भय कमी, तांबेऱ्याचेही कमी, उत्पादन जास्त. तिला अरेबिकापेक्षा ऊनही अधिक चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत मळा जाईसारख्या पांढऱ्या फुलांनी भरून जातो. सर चुकली तर पीक चुकते. म्हणून ज्यांना परवडते ते तुषार सिंचनाने कृत्रिम पाऊस पाडतात. पाणी हाताशी असले की मळा गार ठेवण्यासाठी सावलीची गरज वाटेनाशी होते, आणि फांदी थोडी अधिक छाटली जाते. २०२४ साली रोबस्टाच्या भावाने जागतिक बाजारात उच्चांक गाठला. भाव चढला की प्रत्येक किलोचा मोह वाढतो.

झाडांची जातही बदलते आहे. अनेक मळ्यांत देशी झाडांच्या जागी सिल्व्हर ओक आला. हा खरा ओक नव्हे. तो ऑस्ट्रेलियातला, शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा (रोबस्टा कॉफीशी त्याचे नाते नाही). तो सरळसोट व लवकर वाढतो, मिरीच्या वेलाला आधार देतो, आणि त्याचे लाकूड विकता येते. पण तो नत्र बांधत नाही, त्याचा पाला सावकाश कुजतो आणि पक्ष्यांना उंबरासारखी फळे देत नाही.

शेतकरी तरीही तोच का लावतो? अज्ञानामुळे नव्हे. कर्नाटकात शिसवासारखे देशी झाड स्वतःच्या मळ्यातले असले तरी तोडायला परवानगी लागते. कोडगूत तर काही प्रकारच्या जमिनींवर अशा झाडाच्या लाकडावर सरकारचा हक्क असतो. सिल्व्हर ओकला ही अडचण नाही. म्हणजे देशी झाड जपणाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि परदेशी झाड लावणाऱ्याला वेळेला पैसा मिळतो. झाडे वाचावीत म्हणून केलेला नियम, आणि परिणाम असा की देशी रोप मोठे होण्याआधीच उपटले जाते. भारतातील बहुसंख्य कॉफीचे मळे दहा हेक्टरांहून लहान आहेत. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसा लागला तर असा शेतकरी कोणते झाड विकू शकतो, यावर मळ्यातली सावली ठरते.

आणि तरी सगळे हातचे गेलेले नाही. कर्नाटकातील मळ्यांतल्या पक्ष्यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. रोबस्टाचे मळेही जंगलातल्या पक्ष्यांना आसरा देऊ शकतात असे त्यात दिसले. म्हणजे दोष रोबस्टाचा नाही. तिच्यावर सावली ठेवली जाते की नाही, हा मुद्दा आहे. रोबस्टाला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या झुडपाचे लागतात. ते वाऱ्याने येतात तसे आग्या मोहोळाच्या आणि सातेरी मधमाश्याही आणतात. या माश्यांची पोळी असतात मळ्यातल्या उंच झाडांवर आणि शेजारच्या देवरायांत. कोडगूत आपल्यासारख्याच देवराया आहेत, बाराशेहून अधिक. त्यांना तेथे देवकाडू म्हणतात. उंच झाड तोडणारा शेतकरी आपल्याच फुलांचा पाहुणा हाकलत असतो.

मिरी, संत्री, वेलची, सुपारी अशी जोडपिके घेणाऱ्या मळ्याला कॉफीचा भाव पडला तरी तग धरता येतो. सावलीतल्या कॉफीला प्रमाणपत्र देऊन थोडा जास्त भाव मिळवून देण्याच्या योजनाही १९९० च्या दशकापासून जगात आहेत. पण तपासणी आणि कागदपत्रांचा खर्च लहान शेतकऱ्याला एकट्याने झेपत नाही, त्यासाठी गट करावे लागतात.

झाड खत देते, पाणी मुरवते, किडा अडवते, माश्यांना घर देते. या कामांची पावती फाटत नाही, म्हणून ती जमाखर्चात दिसत नाहीत. झाड गेले की तीच कामे युरियाची पोती, पंपाचे डिझेल आणि औषधाचे डबे यांच्या रूपाने विकत घ्यावी लागतात. ती बिले मात्र नीट दिसतात. शाश्वत शेती म्हणजे हा न दिसणारा जमाखर्च मांडणे, आणि सावली राखणाऱ्याच्या पदरात तिचा मोबदला पडेल अशी व्यवस्था करणे. यातला पहिला भाग विज्ञानाचा आहे, दुसरा समाजाचा.

वर्गात करून पाहता येईल

१. सावलीचे मोजमाप : मार्च-एप्रिलमध्ये शाळेच्या आवारातील वडाच्या किंवा आंब्याच्या सावलीत आणि उघड्या मैदानात हवेचे व जमिनीखाली पाच सेंटिमीटरवरचे तापमान सकाळी ८ पासून दर दोन तासांनी मोजावे. हवेचे तापमान घेताना तापमापीवर थेट ऊन पडू देऊ नये. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढावेत. कोणत्या वेळी फरक सर्वांत जास्त आहे? हवेत जास्त की मातीत?

२. पाल्याचे काम : दोन सारखे उथळ ट्रे मातीने भरून सारख्या उतारावर ठेवावेत. एकावर वाळका पाला पसरावा, दुसरा उघडा ठेवावा. झारीने दोन्हींवर सारखेच पाणी ओतावे आणि खालच्या टोकाला बाटलीत धरावे. पाणी किती आले, किती गढूळ आले आणि किती वेळ येत राहिले, याची नोंद करावी. नंतर झारी खूप उंच धरून प्रयोग पुन्हा करावा.

३. आपल्या गावची सावली : गावातील शेतकऱ्यांना विचारावे की बांधावर कोणती झाडे ठेवली, कोणती काढली आणि का. उत्तरांत विज्ञान किती आणि पैशाची गरज किती, हे मुलांनी वेगळे करून पाहावे. सह्याद्रीच्या दुसऱ्या टोकाच्या कॉफीवाल्याचा प्रश्न आपल्या बांधावर कोणत्या रूपात उभा आहे, ते त्यातून कळेल.